सात एकांचा आकडा

४ डिसेंबर १९९७, गुरुवार

बन्नूरहून नऊच्या बसने आले. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, अर्धा तास उशीर. गोकुलमच्या घराच्या फाटकात अण्णा उभा. मला, सख्ख्या बहिणीला, बघून आधी हात जोडले, पाहुण्याला जोडतात तसे. मग म्हणाला, "सुलू! इतकी म्हातारी कधी झालीस ग?"

"तुझ्या मागोमागच."

हसला. दात लावले नव्हते.

उषासारखी सून मिळाली हे अण्णाचं नशीब. टेलिफोन ऑफिसातली नोकरी, घर, आणि वर हा. मागच्या महिन्यात खडू आणतो म्हणून निघाला तो तलकाडच्या बसमध्ये सापडला. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या मास्तरला खडू कशाला? कंडक्टर जुना विद्यार्थी निघाला म्हणून बरं. तेव्हापासून त्याला एकटं सोडायचं नाही. म्हणून मी. दोन महिने तरी.

यांना सांगून आलेय, शिवणाचं दुकान आणि स्वयंपाक दोन्ही बघा म्हणून. भात तरी करतील.

६ डिसेंबर, शनिवार

वरच्या मजल्यावर योग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी भाड्याने राहते. पहाटे चटई गुंडाळून जाते, आठला परत. आज अण्णाने तिला पायरीवरच पकडलं. बोटं उघडून इंग्रजीत धडा सुरू.

दोन एक जवळ लिहिले की अकरा. त्याला कुणी भाग देऊ शकत नाही, एक आणि तो स्वतः सोडून. म्हणून मूळ संख्या. तीन एक लिहा, तीनने जातो. चार एक, अकराने जातो. पाच एक, एक्केचाळीसने. सहा एकांना तर कोणीही मोडतं. आणि सात एक? इथे तो नेहमी थांबतो. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. कुणानेही जात नाही! वर्गमूळ एक हजार चौपन्न, तिथपर्यंतच्या एकशे सत्त्याहत्तर मूळ संख्यांनी भागून बघितलंय. मी आणि ह्या माझ्या बहिणीने. हाताने!

मुलीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी दूध उतू जाईल म्हणून आत आले. गॅस पेटवलाच नव्हता.

सकाळी काय खाल्लं ते अण्णाला सांगता येत नाही. एकशे सत्त्याहत्तर बरोबर सांगतो.

९ डिसेंबर, मंगळवार

शिवण्णा आला होता. अण्णाचा आवडता विद्यार्थी, आता स्वतःच हेडमास्तर. टक्कल पडलंय तरी अण्णासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. पेरू आणले.

अण्णाच्याच जुन्या शाळेत गणिताची नवी खोली बांधलीय म्हणे. जानेवारीत पेंटर येणार. पुढच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात ११,११,१११ रंगवायचा, खाली 'ही मूळ संख्या आहे', त्याखाली अण्णाचं नाव. "सर, तुम्ही आम्हाला शिकवलेलं कुणी विसरलं नाही," असं कन्नडमध्ये म्हणाला आणि अण्णाच्या पायाला हात लावला.

अण्णाला काय करू नि काय नको झालं. शिवण्णाचा हात धरून सांगायला लागला, "अर्धे भागाकार हिने केलेत. तेरा वर्षांची होती. एकही चूक नाही."

मी पेरू कापत होते. बोटाला लागलं थोडं.

१० डिसेंबर, बुधवार

इथे तरी लिहायलाच हवं. यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

दोनशेचं पान खोटं आहे.

त्या साली मी सातवी पास झाले होते, वर्गात दुसरी. अप्पा कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, साकु. पुरे झालं. दुकानात काज-बटणाला हात हवेत. मी रडले, आई भात वाढत राहिली. अण्णा समोर जेवत होता. पंचवीस वर्षांचा, नवा मास्तर, अप्पा फक्त त्याचंच ऐकायचे. त्याने मान खाली घालून भात संपवला, ताक प्यायला आणि उठला.

पंधरा दिवसांनी त्यानेच मला जाड वही आणून दिली. मी घरी कंटाळेन म्हणून. एकेका मूळ संख्येने सात एकांना भागायचं आणि बाकी लिहायची. पहिली शंभरी त्याची, पुढच्या दोन माझ्या, मग आलटून पालटून. एकशे एकपासून एकशे नव्व्याण्णवपर्यंत एकवीस भागाकार मी मन लावून केले. दुकानाच्या पाटावर बसून, काजं करून झाली की.

मग हायस्कूल सुरू झालं. वर्गातल्या मुली दुकानावरून गेल्या. नव्या वेण्या, नवी दप्तरं. एकीने हात केला. मी सुई ठेवली, वही उघडली आणि दोनशे अकरापासून दोनशे त्र्याण्णवपर्यंतच्या सोळाच्या सोळा बाक्या मनाने लिहून टाकल्या. बाकी भाजकापेक्षा लहान हवी एवढी अक्कल होती, तेवढी पाळली. घे तुझे भागाकार, असं वाटलं होतं.

चारशेपासून पुढचे परत खरे केले. राग गेला नव्हता, पण भागायला आवडायला लागलं होतं.

अण्णाने माझी पानं कधी तपासली नाहीत. सुलूने केलंय म्हणजे बरोबर. पंचेचाळीस वर्षं हेच सांगत आलाय, आणि मी ऐकत आलेय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वही कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. पिवळी पडलीय पण अक्षर स्पष्ट. माझं ते गोल गोल अक्षर! २११ समोर लिहिलंय, बाकी १७. आज खरा भागाकार केला. बाकी १९६.

त्या सोळांपैकी एकाने जरी भाग गेला तर आकडा मूळ नाही. मग शाळेच्या भिंतीवर अण्णाच्या नावाने खोटं रंगवलं जाणार आणि पोरं ते पाठ करणार. कधीतरी कुणी हुशार पोर भागून बघणारच.

नाही गेला तर गप्प बसायला हरकत नाही. असं स्वतःला सांगतेय.

गौरीने बघितलं. उषाची मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. "अज्जी, सुम्ने, उगाच हाताने कशाला करतेस? लॅबमध्ये कॉम्प्युटरवर टाकते, एक सेकंद लागेल."

नको म्हटलं.

"याके? का नको?"

माझं पान आहे, मीच करणार म्हटलं. तिला वाटलं म्हातारी हट्टी आहे. आहेच.

१५ डिसेंबर, सोमवार

अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा मोसम. बाजारात तोच वास. भिजवलेले दाणे चिमटीत दाबले की सालातून सुटकन निसटतात. अण्णा आणि मी समोरासमोर, मध्ये परात. त्याला हे काम जमतं आणि आवडतं. चार दाणे माझ्या अंगावर उडवले मुद्दाम.

२२३ ची बाकी १२५. २२७ ची १७३. परातीशेजारी वही ठेवून केले. काय करतेस म्हणाला. भागाकार म्हटलं. "कर, कर. आडवी रेघ सरळ मार."

१६ डिसेंबर, मंगळवार

२२९. शेवटची वजाबाकी करताना हात थांबला. बाकी ३. अवघे तीन! पाणी प्यायले, परत केला. तीनच.

अण्णाची शुगर ठीक. चालायला नेलं, कोपऱ्यापर्यंत.

१८ डिसेंबर, गुरुवार

२३३ ची १६७.

२३९. बाकी शून्य.

तीनदा केला. मग उलट, चार हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले दोनशे एकोणचाळीस. सात एक. एका ओळीत उभे, जसेच्या तसे.

वहीत माझ्याच अक्षरात, २३९ समोर, बाकी ८८.

अण्णा बाहेर उन्हात झोपला होता, तोंड उघडं. त्याच्याकडे बघवेना. मोठा काही शोध नव्हता लावलेला त्याने, तेही कळतं मला. एका साध्या मास्तरचा एक आकडा. पण होता तेवढाच होता आणि तो मी बिघडवला.

२० डिसेंबर, शनिवार

यांचा फोन. "भावाला सांभाळायला गेलीस की परीक्षेला बसलीस? गौरी म्हणते दिवसभर वहीत असतेस."

सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला आता काय आठवणार आहे? शिवण्णाला गुपचूप सांग, भिंतीवर दुसरं काहीतरी काढतील. अण्णाला कशाला त्रास?"

शहाणपणाचं आहे. माणूस वाईट नाही माझा. पण मी अण्णाला सांगितलं नाही तर त्याला कधीच कळणार नाही, आणि मग ते पान माझ्याचजवळ राहणार. आठवण आहे तोवर सांगायला हवं. दर आठवड्याला थोडी कमी होतेय.

२१ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

नाश्ता झाल्यावर, वही मांडीवर ठेवून. अण्णा, दोनशेचं पान मी खोटं लिहिलं होतं. दोनशे एकोणचाळीसने भाग जातो.

आधी कळलं नाही. मग वही ओढून घेतली, पेन्सिल मागितली, स्वतः भागलं. आकडे एकाखाली एक. शून्य आल्यावर माझ्याकडे बघितलं ते डोळे कितीतरी महिन्यांत बघितले नव्हते मी. पूर्ण जागे.

"तुला शिकवलं होतं मी! येत नसेल तर येत नाही म्हणायचं. बाकी मनाने लिहायची? सुले!"

सुले! पन्नास वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. उषा स्वयंपाकघरातून धावत आली. "अय्यो, अप्पाजी, किती ओरडता!" मी रडत होते आणि खरं सांगते, आतून बरं वाटत होतं. हा माझाच अण्णा होता. ओळख पटवून द्यावी लागत नव्हती.

मग म्हणाला, "ते दुसरं, चार हजार सहाशे एकोणपन्नास. ते मोडतं का?" वर्गमूळ अडुसष्टच्या जरा वर, म्हणजे सदुसष्टपर्यंत बघायचं, एकोणीस मूळ संख्या. हे सगळं तोंडी! एकोणीसही करून बघितले. जेवायला उठेना. नाही मोडत.

"म्हणजे दोन तुकडे झाले," म्हणाला. जेवताना माझ्याशी बोलला नाही. राग धरून बसलाय. बसू दे.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी पायरीवर, योगवाल्या मुलीला: सात एक कुणानेही जात नाही. मी आणि ह्या माझ्या बहिणीने. एकही चूक नाही.

पुसलं गेलं सगळं. राग, शून्य, सुले, सगळं.

संध्याकाळपर्यंत थांबले, मग पुन्हा सांगितलं. आज रागावला नाही. वही बघून खो खो हसला. "लबाड! मला फसवलंस? मला?" गौरीला बोलावून सांगितलं, बघ तुझी अज्जी काय चीज आहे. गौरी म्हणाली, "तरी मी सांगत होते, कॉम्प्युटर."

हसला तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही. का ते नीट कळत नाही. तो रागावला, हसला, पण का केलंस हे दोन्ही वेळा विचारलं नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

गौरीने शेवटी लॅबमध्ये टाकलंच. दोन, मग थेट एकोणीस. म्हणजे अकरानंतर मूळ निघतो तो एकोणीस एकांचा आकडा. मधले सगळे मोडतात. कागदावर छापून आणलं. एकोणीस एक बघून गरगरलं.

अण्णाला सर्दी. काढा नको म्हणून तोंड फिरवतो. गोड आहे म्हटलं तर घेईल, पण तसं म्हणवेना. कडू आहे, पी, म्हटलं. प्यायला.

२८ डिसेंबर, रविवार

शिवण्णा आला, परत पेरू घेऊन. पेंटरने रंग आणलाय, आकडा किती मोठा हवा विचारायला.

अण्णा खुशीत. "अर्धे हिने केलेत, शिवण्णा. तेरा वर्षांची होती. एकही..."

"चूक आहे," मी म्हटलं. कन्नडमध्येच, शिवण्णालाही कळावं म्हणून. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. दोनशेचं पान, मनाच्या बाक्या, २३९. शिवण्णाची कॉफी हातातच राहिली. बिचारा जमिनीकडे बघत होता.

अण्णा माझ्याकडे वळला. रागावला नाही, हसला नाही. म्हणाला, "का ग?"

परक्या माणसासमोर बोलावं का, मनात आलं. पण उद्या विचारेल याची काय खात्री?

म्हटलं, मला हायस्कूलला जायचं होतं. अप्पा नको म्हणाले तेव्हा तू समोर जेवत होतास. एक शब्द बोलला नाहीस.

"हौदू, हो," म्हणाला. हळूच. "ताक प्यायलो नि उठलो."

आठवतं त्याला! शिवण्णाचं नाव दोनदा चुकला आज, आणि ताक आठवतं.

"भीती वाटली ग अप्पांची. एवढा घोडा झालो होतो, मास्तर झालो होतो, तरी. आणि रात्रभर वाटत राहिलं. म्हणून वही आणली." मग पुन्हा, "बोलायला हवं होतं मी."

मी पदर तोंडाला लावला. पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं की त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवण्णाही डोळे पुसत होता, तो कशाला कोण जाणे.

मग शिवण्णाने विचारलं, सर, भिंतीवर काय लिहू? अण्णाचा वर्गातला आवाज निघाला. "खरं ते लिही. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मोडला हिने, नाव हिचं घाल."

शिवण्णाने खिशातल्या कागदावर उतरवून घेतलं. कमिटीला विचारतो म्हणाला. सातवी पास बाईचं नाव घालायला कमिटी काय म्हणेल ते दिसतंच आहे. असू दे.

२९ डिसेंबर, सोमवार

काल काय झालं ते अण्णाला आठवत नाही. शिवण्णा आलेलाही आठवत नाही. पेरू कुणी आणले विचारत होता.

आज पायरीवर पुन्हा सात एक. पण मी दुरुस्त केलं तशी लगेच मुलीला म्हणाला, "बघा, बहीण म्हणते दोनशे एकोणचाळीसने जातो. ती म्हणते म्हणजे बरोबर." आता रोज दुरुस्त करायचं. एक ठरवलं, यापुढे अण्णाला खोटं सांगायचं नाही. काढा असो की आकडा असो.

काल तो काय म्हणाला ते मी इथे लिहून ठेवलंय. त्याच्याकडे नसलं तरी माझ्याकडे आहे.

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

अण्णाने नवी वही मागितली. अकरा एकांचा बघू म्हणतो. वर्गमूळ लाखाच्या वर, दहाएक हजार मूळ संख्या होतील. रोज पाच केले तरी साडेपाच वर्षं! त्याला विचारलं, झेपेल का? "तू आहेस अल्वा? आहेस ना?"

अकरा एक मोडतात हे गौरीच्या कागदावर आहे. तेही सांगितलं, ठरवल्याप्रमाणे. "कॉम्प्युटर म्हणतो. आपण कुठे बघितलंय?"

आज तीन, सात आणि अकरा झाले. बाक्या मी लिहिल्या, त्याने तपासल्या.

यांचा फोन. भाताचा कंटाळा आला म्हणतात. या महिन्याअखेर येईन म्हटलं.

५ जानेवारी, सोमवार

दुपारचे तीन. उषा ऑफिसात, गौरी कॉलेजात.

जेवण झाल्यावर अण्णाने इस्त्रीचा शर्ट मागितला. केस विंचरले, चष्मा माझ्या पदराला पुसला आणि बाहेरच्या खुर्चीत ताठ बसला. कुठे निघालास म्हटलं.

"कुठे नाही. अप्पा दुकानातून आले की त्यांच्याशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"तुझ्या शाळेबद्दल. आठवीचा फॉर्म मी आणतो, रोज सोडायला मी जातो, असं सांगणार. काज करायला दुसरं कुणी बघा म्हणणार. आज बोलतोच. तू मध्ये पडू नकोस सुलू, अप्पा चिडतील. आत जा."

आत आले.

अप्पांना जाऊन एकतीस वर्षं झाली.

स्वयंपाकघरातून दिसतोय. ओठ हलताहेत, बोलायचं ते घोकतोय. मध्येच जोरात ऐकू आलं, "अप्पा, सुलू हुशार आहे." मग जरा थांबला आणि पुन्हा तेच, थोडं जास्त धीटपणे. हात गुडघ्यांवर, घाबरलाय तेही दिसतं. तरी उठत नाही.

मी ओट्याला टेकून उभ्यानेच लिहितेय.

आता हाक मारली. "सुलू, अप्पा किती वाजता येतात ग?"

खोटं सांगायचं नाही असं ठरवून आठवडा झाला. खरं सांगितलं तर तो उठेल, शर्ट काढून ठेवेल, आणि माझ्या शाळेचं बोलायचं पुन्हा राहून जाईल.

परत हाक मारतोय. जाते.